साठ म्हणजे साठ काय?

प्रयोगशाळेच्या कपाटातल्या बाटलीवर नुसते ‘आम्ल’ असे लिहिलेले असेल, तर जाणता शिक्षक ती वापरणार नाही. कोणते आम्ल, किती तीव्रतेचे, केव्हा भरलेले, हे तो आधी विचारील. संगणकाला अशी शंका येईलच असे नाही.

प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी स्वतःच माहिती शोधून आणणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यक्रमांना ‘एजंट’ म्हणतात. शहराची आकडेवारी आणण्यासाठी त्यांच्या हाती छोटी छोटी ‘साधने’ दिलेली असतात. साधनाच्या पोटात काय चालते ते एजंटला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि काय पुरवायचे त्याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही साधनाची ओळख अशीच करून दिली जाते. म्हणजे ते वर्णन हीच बाटलीवरची चिठ्ठी. चिठ्ठी लिहिणे हे लेखनच आहे. मग त्याची समीक्षा का करू नये?

चंद्रपूरचे उदाहरण घेऊ. २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आणि भोवती कोळशाच्या खाणी असलेला हा परिसर २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात देशात चौथा होता. थंडीत सकाळी कवायत घ्यावी की नाही, वर्गात दम्याचा मुलगा असताना मैदानावर जावे की नाही, हे इथल्या शिक्षकाचे रोजचे प्रश्न. समजा, त्याच्यासाठी कोणी साधन केले आणि वर्णन लिहिले : ‘चंद्रपूरच्या हवेची माहिती देते.’ वाक्य शुद्ध आहे, सुटसुटीत आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे.

चंद्रपूर म्हणजे कोणते? शहरातले मापनकेंद्र वेगळे, खुटाळा औद्योगिक वसाहतीतले वेगळे. शिवाय गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातच होते. जुना मजकूर वाचलेला एजंट गोदावरीकाठच्या सिरोंचाच्या प्रश्नाला चंद्रपूरचा आकडा देऊन मोकळा झाला, तर दोष त्याचा एकट्याचा नाही. ‘या दोन केंद्रांखेरीज इतर गावांसाठी वापरू नये’ एवढे चिठ्ठीवर हवे होते.

खरी अडचण पुढे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची ही आकडेवारी सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर मिळते. तिथे शहर, केंद्र, प्रदूषक, किमान, कमाल, सरासरी असे स्तंभ आहेत. एककाचा स्तंभ नाही. समजा, अडीच मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांपुढे सरासरी ६० दिसली. साठ काय? दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम असतील, तर भारतीय निर्देशांक १०० होतो, म्हणजे ‘समाधानकारक’ पातळीची अगदी कड. पण ६० हा निर्देशांकच असेल, तर धूळ भरते सुमारे ३६ मायक्रोग्रॅम. आणि एजंटने ६० मायक्रोग्रॅम समजून अमेरिकी कोष्टक लावले, तर निर्देशांक १५० च्या वर जाऊन हवा सर्वांनाच अपायकारक ठरते. आकडा एकच. मुले मात्र एकदा मैदानावर, एकदा वर्गात.

रिकाम्या जागेचे तर विचारूच नका. यंत्र बंद असल्याची खूण वाटेत कुठे शून्य झाली, की चंद्रपूरची हवा हिमालयाहून शुद्ध! भारतीय निर्देशांक काढायला किमान तीन प्रदूषकांची मोजणी लागते आणि त्यात दोनपैकी एका प्रकारचे धूलिकण असावेच लागतात. ते नसतील तर उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच.

मी चिठ्ठी अशी लिहीन : ‘चंद्रपूर शहर किंवा खुटाळा यांपैकी एका केंद्राचा भारतीय हवा निर्देशांक (० ते ५००), मोजणीच्या वेळेसह देते. धूलिकणांसाठी हा मागील २४ तासांच्या सरासरीवरून काढलेला आहे. या क्षणाची हवा यातून कळत नाही. मोजणी अपुरी असल्यास “नोंद नाही” असे येते. ते शून्य समजू नये. इतर गावांसाठी वापरू नये.’ लांबली खरी. चिठ्ठीचे पुस्तक होऊ नये, हेही मान्य. परंतु यातले कोणते वाक्य गाळावे, हे मला ठरवता आलेले नाही. उलट ‘या क्षणाची हवा कळत नाही’ म्हटल्यावर सकाळी सातचा धूर पाहणाऱ्या शिक्षकाला तासागणिक मोजणीचे दुसरे साधन द्यावे लागेल, आणि त्याची चिठ्ठी पहिलीशी घोटाळा न होईल अशी लिहावी लागेल.

आठवी-नववीच्या वर्गात हे करून पाहता येईल. शाळेच्या पर्जन्यमापकाची नोंदवही एका मुलाने बंद ठेवून तिचे चार ओळींत वर्णन लिहावे. ते वाचून, वही न पाहता, दुसऱ्याने सांगावे : रविवारच्या रकान्यात काही नाही, तर त्या दिवशी पाऊस पडला नाही, की मोजायला कोणी आले नव्हते?