मातीच्या चाळीस हजार मूर्ती आणि एक नाव

मातीकाम ही फार जुनी कला. परंतु कलादालनात तिला मानाचे स्थान मिळाले ते बरेच उशिरा. चित्राखाली चित्रकाराची स्वाक्षरी असते, रांजणावर कुंभाराची सहसा नसते. अनेकांनी मिळून मातीत काही घडविले, म्हणजे तर कर्ता कोणास म्हणावे, हा प्रश्न अधिकच बिकट होतो. ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांच्या ‘फील्ड’ या शिल्पमालिकेचा परामर्श आम्ही याच प्रश्नाच्या अनुरोधाने घेत आहोत.

या मालिकेतील ‘फील्ड फॉर द ब्रिटिश आइल्स’ ही कृती १९९३ मधली. लिव्हरपूलनजीकच्या सेंट हेलेन्स या औद्योगिक गावातील सुमारे शंभर रहिवाशांनी, शाळकरी मुलांपासून आजीआजोबांपर्यंत, विटांच्या मातीतून सुमारे ४०,००० मूर्ती हातांनी घडविल्या. गॉर्मली यांच्या सूचना मोजक्याच होत्या : मूर्ती हातात मावावी, ती उभी राहावी आणि तिला डोळे असावेत. या मूर्तींची उंची ८ ते २६ सेंटिमीटर. त्यांना हात नाहीत, तोंड नाही. डोळ्यांच्या जागी दोन खोल भोके तेवढी आहेत. भाजलेल्या या मूर्ती जमिनीवर इतक्या दाटीने मांडतात की पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. प्रेक्षकाने उंबरठ्यावरच थांबायचे.

या कृतीचे सामर्थ्य येथेच आहे. पाहावयास आलेला माणूस स्वतःच पाहिला जातो. समोरचा मूक जमाव काही मागत नाही, तरीही त्याला काही उत्तर देणे लागतो अशी जाणीव होते. नीट न्याहाळले तर दोन मूर्ती सारख्या नाहीत. कुठे मुठीचा दाब उमटलेला, कुठे मान किंचित कललेली. साचा वापरला असता तर हे सैन्य झाले असते. हातांनी घडल्यामुळे ती माणसांची गर्दी राहिली. १९९६ साली गेट्सहेड येथील रेल्वेच्या जुन्या कारखान्यात आणि २००४ साली ग्लॉस्टर कॅथीड्रलमध्ये ती मांडली गेली. श्रमाची जागा असो वा प्रार्थनेची, ती कोठेही परकी ठरू नये, असाच तिचा स्वभाव आहे.

१९९४ चे टर्नर पारितोषिक गॉर्मली यांना मिळाले. कल्पना त्यांची, शिस्त त्यांची, हे आम्हांस मान्य आहे. त्यांच्यावाचून या मूर्ती शाळेतील हस्तकलेच्या प्रदर्शनापलीकडे गेल्या नसत्या. परंतु मनाला भिडणारे त्यांचे वेगळेपण त्या शंभर जणांच्या हातांतून आले आहे, आणि ते शंभर जण मात्र ‘गावकरी’ या एका शब्दात सामावून जातात. आपल्याकडे नाताळात तरुण मंडळी गोठा उभारतात. त्यावर कोणाचेच नाव नसते व त्याची खंतही कोणास नसते. ज्या कामात सर्वच अनाम असतात, तेथे कोणावर अन्याय होत नाही. एकाचेच नाव उरते, तेव्हा इतरांचे अनाम राहणे सलू लागते.

पुढे २००३ मध्ये चीनमधील ग्वांगझौजवळच्या एका खेड्यात सुमारे ३५० लोकांनी ‘एशियन फील्ड’साठी जवळजवळ दोन लाख मूर्ती घडविल्या. त्या वेळी घडविणाऱ्यांची छायाचित्रे त्यांच्या एकेका मूर्तीसह मांडण्यात आली. कर्त्यांना चेहरे मिळाले. आमच्या मते हे केवळ सौजन्य नव्हे. त्यामुळे कृतीचा अर्थही अधिक पूर्ण झाला. ज्या मूर्ती प्रेक्षकाकडून ओळखीची अपेक्षा करतात, त्यांच्या कर्त्यांना ती ओळख नाकारणे हे कृतीच्या आशयाशीच विसंगत आहे.

आपल्या सभागृहांतही सामूहिक कलाप्रदर्शने भरतात. संयोजकांनी दाराशी एक साधी यादी लावावी, आणि तीत माती मळणाऱ्याचे व भट्टी लावणाऱ्याचेही नाव असावे. तेवढ्याने कलावंताचा मोठेपणा उणा होणार नाही.