‘आय लव्ह ल्युसी’ : हसरे घर आणि खरे घर

विनोदाला वय असते. एका पिढीला पोट धरून हसविणारे प्रहसन पुढच्या पिढीला पोरकट वाटते, आणि तिसऱ्या पिढीला तर ते हसण्यासाठी लिहिले होते हेही समजावून सांगावे लागते. दूरचित्रवाणीवरील विनोदाचे आयुष्य त्याहूनही अल्प. अशा या क्षणभंगुर प्रांतात सत्तर वर्षांहून अधिक काळ ताजे राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या ‘आय लव्ह ल्युसी’ या मालिकेने ती साधली आहे. परदेशी स्थायिक झालेल्या एका आप्ताने या मालिकेच्या डीव्हीडी तबकड्यांचा संच आम्हाला भेट म्हणून आणला, आणि गेल्या पावसाळ्यात संध्याकाळची रोझरी व जेवण आटोपल्यावर आमच्या घरातील तीन पिढ्यांनी रोज एक-दोन भाग याप्रमाणे तो पाहिला. त्या पाहण्यात आनंद पुष्कळ मिळाला; एक सल मात्र मनात राहिला. दोहोंचा हिशेब येथे मांडावयाचा आहे.

मालिकेचे कथासूत्र चार ओळींत सांगता येते. न्यूयॉर्कमधील भाड्याच्या घरात रिकी रिकार्डो हा क्यूबन गायक व वाद्यवृंदप्रमुख आपल्या अमेरिकन पत्नीसह, म्हणजे ल्युसीसह, राहतो. घरमालक फ्रेड आणि त्याची पत्नी एथेल हे त्यांचे शेजारी आणि जिवलग. रिकीला हवी असते घर सांभाळणारी बायको. ल्युसीला हवा असतो रंगमंच. तिच्याजवळ हौस अपार, गाता गळा मात्र नाही. या एका ओढाताणीतून १९५७ पर्यंत सहा वर्षे मालिकेचे भाग निघत राहिले. ल्युसील बॉल आणि देसी अर्नाझ या प्रत्यक्ष जीवनातील पती-पत्नींनी ल्युसी-रिकीच्या भूमिका केल्या, तर व्हिव्हियन व्हॅन्स आणि विल्यम फ्रॉली हे एथेल आणि फ्रेड झाले.

आज ही मालिका आपल्या घरी पाहता येते, यामागे एक व्यावहारिक निर्णय आहे आणि तो जाणून घेण्याजोगा आहे. त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट प्रसारित होत, आणि दूरच्या शहरांसाठी पडद्यावरील चित्राचेच पुन्हा चित्रण करून धूसर प्रत पाठविली जाई. बॉल आणि अर्नाझ यांना हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जावयाचे नव्हते. त्यांनी मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करण्याचा आग्रह धरला, वाढीव खर्चापोटी स्वतःच्या मानधनात कपात स्वीकारली, आणि बदल्यात फिल्मची मालकी आपल्या ‘देसिलू’ या संस्थेकडे राखून घेतली. समोर सुमारे ३०० प्रेक्षक बसवून, तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी, नाटकासारखे सलग चित्रीकरण केले जाई. छायालेखक होते कार्ल फ्राउंड, ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ सालच्या जर्मन मूकपटाचे छायाचित्रण करणाऱ्यांपैकी एक. तीनही कॅमेऱ्यांना एकाच प्रकाशयोजनेत काम करता यावे ही अडचण त्यांनी सोडविली. म्हणूनच आज तबकडीवर दिसणारे चित्र इतके स्वच्छ आहे की एथेलच्या झग्यावरील ठिपकेही मोजता यावेत.

तबकडीचा आणखी एक उपकार असा की, ती जुन्या काळाला रंगसफेदी करू देत नाही. पुनःप्रसारणात या मालिकेच्या आरंभी रेशमी वस्त्रावरील हृदयाचे चित्र दिसत असे आणि तेच तिचे बोधचिन्ह म्हणून सर्वांच्या स्मरणात आहे. मूळ आरंभ निराळा होता. त्यात रेघांनी काढलेली ल्युसी-रिकीची चित्रे पुरस्कर्त्या फिलिप मॉरिस कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांभोवती बागडत होती. संचात ते मूळ आरंभ पाहावयास मिळतात. सर्व कुटुंबाने एकत्र बसून पाहावयाच्या या निर्मळ मनोरंजनाचा खर्च तंबाखूने उचलला होता, हे प्रत्येक भागाच्या उंबरठ्यावरच कळते. आमच्या घरातील तरुणांना याचे नवल वाटले. मला वाटले नाही. प्रत्येक युगाची निर्मळता कोणीतरी पुरस्कृत केलेलीच असते.

आता विनोदाकडे वळू. सप्टेंबर १९५२ मध्ये दाखविलेला ‘जॉब स्विचिंग’ हा भाग सर्वपरिचित आहे. पैसे मिळविणे अवघड की घर चालविणे, या वादातून नवरे घरी राहतात आणि बायका चॉकलेटच्या कारखान्यात नोकरी धरतात. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटे येत आहेत, ल्युसी आणि एथेल ती कागदात गुंडाळीत आहेत. एकही चॉकलेट न गुंडाळता पुढे गेले तर नोकरी जाणार. पट्टा वेग घेतो. मग चॉकलेटे तोंडात जातात, टोपीत जातात, पोलक्यात जातात. पर्यवेक्षिका येते, पट्टा रिकामा पाहून प्रसन्न होते आणि वेग आणखी वाढविण्यास सांगते. आमच्या घरातील सहा वर्षांची मुलगी आणि तिची ऐंशी वर्षांची पणजी या ठिकाणी एकाच क्षणी हसल्या. भाषेची अडचण कोणालाच आली नाही. ज्याने कधीही आवाक्याबाहेरचे काम अंगावर घेतले आहे आणि ते लपविले आहे, त्याला हा प्रसंग समजतो. चांगले काम केल्याचे बक्षीस म्हणून अधिक काम पदरात पडते, हे सत्य तर कोणत्याही गृहिणीला शिकवावे लागत नाही.

या भागाची खरी खुबी मात्र त्याच्या समतोलात आहे. तिकडे कारखान्यात बायकांची फजिती चालू असताना इकडे स्वयंपाकघरात भाताने रिकीची त्रेधा उडविली आहे. ऊतू गेलेला भात शेगडीवरून जमिनीवर ओसंडतो आहे. शेवटी दोन्ही पक्ष हार मान्य करतात आणि नवरे समेटाची भेट म्हणून बायकांसाठी नेमकी चॉकलेटेच घेऊन येतात. कोणी जिंकले नाही, म्हणून कोणाला क्षमा करणे जड गेले नाही. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाची फजिती वाचताना जो दिलासा मिळतो, तोच येथे मिळतो. मनुष्य हास्यास्पद ठरतो, हीन ठरत नाही.

रिकीच्या भाषेविषयीही असेच म्हणता येईल. त्याचे इंग्रजी मोडके. राग आला की तो धबधब्यासारखा स्पॅनिशमध्ये बोलू लागतो. त्याच्या उच्चारांची थट्टा इतर पात्रांनी केली तर प्रेक्षक हसत नाहीत, ल्युसीने केली तरच हसतात, हे लेखकांच्या लवकरच ध्यानात आले आणि त्यांनी तो नियमच करून टाकला. सामान्य माणसाची जाण किती सूक्ष्म असते, पाहा! परक्याने केली तर जी टवाळी ठरते, ती आपल्या माणसाने केली की लाड ठरतो. बाहेर प्रमाण मराठी आणि घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको. आपलाही राग बोलीतच येतो, आणि प्रार्थनेतली कळकळही बहुधा बोलीतच.

येथवर हिशेबाची जमेची बाजू झाली. आता तो सल. या मालिकेत ल्युसी खर्चाच्या पैशांसाठी नवऱ्याकडे हात पसरते, त्याच्या परवानगीवाचून तिला घराबाहेर काही करता येत नाही, आणि काही भागांत रिकी तिला मुलासारखी गुडघ्यावर पालथी घालून चक्क फटके मारतो. स्टुडिओतील प्रेक्षक तेथे खदखदा हसतात. आमच्या घरी पहिल्यांदा तो प्रसंग आला तेव्हा मीही सवयीने हसलो. माझी पत्नी हसली नाही. थोड्या वेळाने ती शांतपणे एवढेच म्हणाली, “आपल्या वाडीतही हे गमतीचेच समजत होते.” मग मलाही आठवले. शेजारच्या घरातून आवाज येत आणि आमचे वडीलधारे ‘नवरा-बायकोचे भांडण’ म्हणून खिडकी लावून घेत. रविवारी तेच दांपत्य मिस्सेला आमच्या पुढच्या बाकावर बसलेले असे. त्या खिडक्यांमागे आम्हीही होतो.

काळ तसा होता, असे म्हणून समीक्षकाने येथून निसटू नये. कलाकृतीचा काळ तिच्या दोषाचे कारण सांगतो, दोष पुसत नाही. ते फटके विनोदाचे नाहीत, अधिकाराचे आहेत. आणि ल्युसीची खरी गंमत त्या अधिकाराला बगल देण्यात आहे, त्याच्यापुढे वाकण्यात नाही. मालिका तिला पुन्हा पुन्हा स्वयंपाकघरात परत पाठविते, पण प्रेक्षकाचे मन तिच्यामागून रंगमंचाकडेच जाते. वास्तवाने तर या कथेवर मोठीच कुरघोडी केली. पडद्यावर जिला रंगमंच नाकारला जात होता, त्याच ल्युसील बॉल यांनी १९६२ मध्ये अर्नाझ यांचा हिस्सा विकत घेतला आणि देसिलूच्या अध्यक्षपदी त्या बसल्या. हॉलिवूडमधील एका मोठ्या स्टुडिओची धुरा प्रथमच एका स्त्रीच्या हाती आली.

मालिकेचा सर्वांत हृद्य भाग ८ डिसेंबर १९५२ चा. बॉल त्या वेळी खरोखरच गरोदर होत्या. पडद्यावर पती-पत्नींचे पलंगही वेगळे दाखविण्याचा तो काळ. गरोदर स्त्री दाखविणे वाहिनीला आणि पुरस्कर्त्याला रुचणारे नव्हते. अखेर परवानगी मिळाली, पण ‘गरोदर’ अशा अर्थाचा रोखठोक इंग्रजी शब्द उच्चारावयाचा नाही या अटीवर. भागाच्या शीर्षकात फ्रेंच शब्द योजला गेला. संहिता एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रॉटेस्टंट पाळक आणि एक यहुदी रब्बी यांच्याकडून तपासून घेतल्या गेल्या. तिघांनाही त्यांत आक्षेपार्ह काही आढळले नाही. नवा जीव येणार ही वार्ता लज्जास्पद नव्हे, हे वाहिनीच्या अधिकाऱ्यांना कळण्याआधी धर्मपीठांना कळले, ही गोष्ट आपण समाधानाने नोंदवावी.

त्या भागात ल्युसी दिवसभर नवऱ्याला ही वार्ता सांगू पाहते आणि दर वेळी काहीतरी आड येते. रात्री रिकीच्या क्लबात कोणीतरी निनावी चिठ्ठी देते : येथील एका जोडप्याला बाळ होणार आहे, त्यांच्यासाठी गाणे म्हणावे. रिकी प्रत्येक टेबलापाशी जाऊन विचारीत हिंडतो आणि शेवटी ल्युसीसमोर येतो. ती मान डोलाविते. चित्रीकरणात दोघांच्याही डोळ्यांत खरे अश्रू आले आणि तोच भाग कायम ठेवला गेला. तबकडी तेथे थांबवून मी पुन्हा पाहिली. तेथे अभिनय संपलेला आहे. पुढे १९ जानेवारी १९५३ रोजी ल्युसीच्या बाळंतपणाचा भाग दाखविला गेला आणि त्याच दिवशी बॉल यांना प्रत्यक्षात मुलगा झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीचा राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचा शपथविधी पाहणारे होते सुमारे २ कोटी ९० लाख. त्याच फेब्रुवारीत सर्वोत्तम दूरचित्रवाणी व्यक्तिमत्त्वाचा एमी पुरस्कार मात्र ल्युसील बॉल यांना न मिळता बिशप फुल्टन शीन यांना मिळाला, आणि त्यांनी आपल्या चार लेखकांचे, म्हणजे मत्तय, मार्क, लूक व योहान यांचे, आभार मानले!

आणि तरीही हे घर टिकले नाही. बॉल आणि अर्नाझ यांनी १९४० मध्ये नोंदणी विवाह केला होता. १९४९ मध्ये कॅथलिक विधीनुसार त्यांनी पुन्हा लग्न लावले. अर्नाझ क्यूबातील कॅथलिक घराण्यातले, १९३३ च्या क्रांतीनंतर परागंदा झालेले. वाद्यवृंदासह ते गावोगाव हिंडत, पत्नी हॉलिवूडमध्ये. संसार एका छपराखाली यावा म्हणून बॉल यांनी आपल्याच पतीला मालिकेतील पती करण्याचा हट्ट धरला. क्यूबन नवरा लोकांना रुचणार नाही, ही वाहिनीची शंका दूर करण्यासाठी १९५० मध्ये दोघांनी रंगमंचावर एकत्र कार्यक्रम करून दाखविले. म्हणजे ही मालिका मुळात एक विवाह वाचविण्याची धडपड होती. मार्च १९६० मध्ये दोघांचे शेवटचे एकत्र चित्रीकरण संपले आणि लगोलग घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला.

मग आपण हसलो ते खोट्यालाच हसलो काय? मला तसे वाटत नाही. ती दोघे दर आठवड्याला अर्धा तास ज्या घरात राहत होती, तेथे भांडण झाल्यावर कोणीतरी आधी हसत असे आणि दुसरा दार उघडत असे. ते घर कसे असावे हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक असणे पुरेसे पडले नाही. आपल्यापैकी कितीजणांचे याहून निराळे आहे? वेदीपुढे दिलेल्या वचनाचा अर्थ आपल्याला कळत नाही म्हणून घरे मोडत नाहीत.

संच पाहून संपला त्या रात्री पणजीने विचारले, “ती दोघे पुढे सुखात राहिली ना?” कोणी उत्तर दिले नाही. पत्नीने उठून खिडकी उघडली, आणि मुलीने चॉकलेटचा भाग पुन्हा लावण्याचा हट्ट धरला. तो आम्ही पुन्हा पाहिला.