‘बळी’ : एक पुनर्वाचन

पानिपतास काला अंबच्या स्तंभापाशी उभे राहिले म्हणजे १७६१ साली पडलेले वीर आठवतात. लढाईनंतर गुलाम म्हणून नेलेल्या स्त्रिया व मुले सहसा आठवत नाहीत. त्याच विस्मृतीची बोचणी घेऊन विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (१९५०) पुन्हा वाचली.

‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये सुशिक्षित तरुणींची घुसमट सांगणाऱ्या या लेखिका पुढे सोलापूरच्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतीत अधिकारी होत्या. त्यामुळे काटेरी तारांआड वाढणारे मन त्यांना कचेरीच्या आतून दिसले. परवान्यावाचून वसाहत सोडणे हाच तेथे गुन्हा. म्हणजे भ्यालेल्या मुलीचे पळणेही गुन्हाच. कळवळ्याच्या भरात लेखिका कधी पात्रांना बाजूस सारून स्वतःच बोलू लागतात, हा दोष खरा. पण ठसा आधी आणि अपराध मागून, हे त्यांचे निदान अचूक आहे.

तो जमातींचा कायदा १९५२ साली गेला. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने मुलांविषयी दोषारोपाची भाषाही वर्ज्य ठरविली. तरीही बालगृहातून पळालेल्या मुलीच्या कागदावर आपण अधिकारी मंडळी प्रथम काय लिहितो? तिचे भय, की तिचा अपराध? ‘बळी’ वाचावी ती यासाठी.