बाघचा दगड आणि आपली प्रवासवर्णने

आपल्या मराठी प्रवासवर्णनांत दगड बहुधा ‘काळाकभिन्न’ असतो, नाही तर ‘अनादी’. बाघच्या लेण्यांवर लिहितानाही लेखणी हीच दोन विशेषणे झिजवते. धार जिल्ह्यातील त्या टापूत भूवैज्ञानिकांबरोबर हिंडले की ही सवय खटकू लागते. ते हातोडीने कपची काढतात, भिंग लावतात, आम्लाचा थेंब टाकतात. फेस आला तर चुनखडक. लेणी कोरली आहेत निमाड वालुकाश्मात. त्यावर शिंपले नि अमोनाइट यांचे जीवाश्म बाळगणारे थर आहेत, कारण नर्मदेच्या खोऱ्यात एके काळी समुद्र शिरला होता. माळव्याचा काळा बेसाल्ट त्याही नंतरचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मग यांतला ‘अनादी’ कोणता?

हा शब्दांचा काथ्याकूट वाटेल, वाटो. छिन्नीला वश होणारा हा वालुकाश्म पाणीही झिरपू देतो. छते ढासळली, चित्रे विटली. १९८२ मध्ये बहुतेक चित्रे भिंतींवरून उतरवावी लागली आणि आता ती ग्वाल्हेरच्या संग्रहालयात आहेत. या ऱ्हासाचे खापर ‘काळाच्या ओघा’वर फोडून आपला लेखक मोकळा होतो. भूवैज्ञानिकाच्या टिपणवहीत मात्र थर, भेग, ओल अशी कारणे नोंदलेली असतात, आणि ती वाचताना त्या चित्रांविषयी मला अधिक हळहळ वाटली.