वेब सेवांमधील संदेशसुरक्षा : स्वाक्षरीच्या मर्यादांचा चिकित्सक परामर्श

वेब सेवांमध्ये एक संगणक दुसऱ्या संगणकाशी एक्सएमएल भाषेतील संदेशांद्वारे व्यवहार करतो. या संदेशांच्या संरक्षणासाठी ओॲसिस या संस्थेने २००४ मध्ये ‘डब्ल्यूएस-सिक्युरिटी’ हे मानक स्वीकृत केले. एसएसएलचे संरक्षण दोन संगणकांमधील मार्गापुरते असते. संदेश मध्यस्थ संगणकावर पोहोचताच ते संपते. प्रस्तुत मानकात स्वाक्षरी व कूटलेखन संदेशासोबतच प्रवास करतात. हे त्याचे बलस्थान निर्विवाद आहे.

तथापि त्याची पहिली मर्यादा त्याच्या लवचीकतेतच दडलेली आहे. स्वाक्षरी संदेशाच्या निवडक भागावर करता येते. मॅकिन्टॉश व ऑस्टेल यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, स्वाक्षरित भाग संदेशातच अन्यत्र हलवून त्याच्या जागी खोटा मजकूर ठेवता येतो. तपासणारी प्रणाली मूळ भाग तपासते, तर व्यवहार करणारी प्रणाली नवा भाग वाचते. परिणामी स्वाक्षरी खरी, परंतु आदेश खोटा ठरतो.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. तेथील संदेशप्रणाली वेब सेवांहून भिन्न असली तरी प्रश्न तोच होता. एटीएमच्या विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचू न देता बनावट स्विचद्वारे परस्पर मंजूर करण्यात आल्या. उत्तर देणारे यंत्रच शत्रूच्या ताब्यात गेल्यास त्याची स्वाक्षरी काय सिद्ध करणार?

तिसरी मर्यादा पेणकरांस वेगळी सांगावयास नको. पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये निर्बंध घातले. तपासात बनावट कर्जखाती उघड झाली. येथे संदेश वाटेत कोणीही बदलला नव्हता. नोंदच मुळात खोटी होती. अशी नोंद अत्यंत सुरक्षित मार्गाने पाठविली तरी असत्यच अबाधित राहते. ठेवीदारांनी मात्र पासबुकावरील आकड्यावर विश्वास ठेवला होता.

सारांश, संदेशाची अखंडता म्हणजे नोंदीची सत्यता नव्हे. आपल्या अभ्यासक्रमांत कूटलेखनाचे गणित शिकविले जाते; त्याच्या जोडीला स्वाक्षरित भागच वाचला जातो काय, गुप्त किल्ली कोणाच्या हाती आहे आणि मूळ नोंद कोणी तपासली, हे तीन प्रश्नही शिकविले गेले पाहिजेत. अन्यथा मानक निर्दोष ठरेल आणि ठेवीदार मात्र नागवला जाईल.