न तपासलेले म्हणजे नसलेले नव्हे

मुखेड परिसरात खरिपात सोयाबीनवर तणनाशके फवारतात. त्यांपैकी इमॅझेथापायर मातीला घट्ट चिकटत नाही. पावसाबरोबर ते खाली झिरपू शकते. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात (आयएस १०५००) १८ कीडनाशकांच्या मर्यादा आहेत. मका-उसातल्या अ‍ॅट्राझिनला लिटरमागे २ मायक्रोग्रॅम, गव्हातल्या आयसोप्रोट्युरॉनला ९. इमॅझेथापायर मात्र यादीतच नाही. पिके बदलली तशी यादीही बदलायला हवी होती, हा आमचा आक्षेप. मुखेडचे पाणी दूषित आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण 'पिण्यास योग्य' या शेऱ्यावरून त्यात तणनाशक नाही, हेही सिद्ध होत नाही. तुरटीने गाळ बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. विरघळलेले तणनाशक त्याने जाईलच असे नाही. म्हणून पाण्याचा अहवाल वाचताना विद्यार्थ्यांनी आधी विचारावे : तपासले काय?