वाटणीतला वाटा : पूर्णाचे शूर्पारकास परतणे

जन्मस्थळी परतण्याविषयीच्या मराठी लेखनात स्मरणरंजनाचा सूर प्रबळ असतो. उतारवयात मुलानातवंडांना घेऊन आलेला निवेदक त्यांना जुने घर, विहीर, शाळा दाखवतो. जे हरवले ते एके काळी आपले होते, हे त्यात गृहीत असते. या गृहीतकालाच छेद देणारी एक प्राचीन कथा विरारलगतच्या सोपाऱ्याशी, म्हणजे शूर्पारकाशी, निगडित आहे. ती पूर्ण या भिक्षूची कथा होय.

या कथेची दोन रूपे महत्त्वाची आहेत. मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्तात पुण्ण सुनापरान्तास जाण्याचा मनोदय सांगतो. तेथील लोकांनी शिवीगाळ केली, मारले, प्राण घेतले तर काय, असे बुद्ध चढत्या क्रमाने विचारतात आणि प्रत्येक आघातात पुण्णाला त्या लोकांचा चांगुलपणाच दिसतो. सुप्पारक हे त्याचे मूळ गाव, ही माहिती अट्ठकथा पुरवते; सुत्तात घर नाही, आप्त नाहीत. परतणे येथे केवळ क्षमेची कसोटी ठरते.

‘दिव्यावदाना’तील पूर्णावदानाने मात्र या कसोटीला कुटुंबाचा इतिहास जोडला आहे. भव या व्यापाऱ्याला दासीपासून झालेला पूर्ण हा कुटुंबातील सर्वांत कर्तबगार मुलगा. पित्याच्या मृत्यूनंतर भाऊ विभक्त होतात तेव्हा दासीपुत्राला कसला वाटा, असा प्रश्न उपस्थित होतो. एकाकडे घर व शेत जाते, दुसऱ्याकडे दुकान व परदेशी असलेला माल, आणि थोरल्या भविलाच्या वाट्याला पूर्ण येतो. जन्मस्थळाने त्याला वारस न मानता मालमत्ता मानले. पुढे समुद्रपर्यटनांनी धनाढ्य झालेला हा माणूस सहप्रवासी व्यापाऱ्यांच्या मुखी बुद्धवचने ऐकतो आणि श्रावस्तीस जाऊन प्रव्रज्या घेतो.

चंदनाच्या शोधात निघालेल्या भविलाचे जहाज वादळात सापडते, तेव्हा श्रोणापरान्तकात राहणारा पूर्ण त्याला वाचवतो. जहाज शूर्पारकास पोचते. तेथे पूर्ण रत्ने सोडून देतो आणि चंदन बुद्धासाठी प्रासाद उभारण्याकरिता वेगळे काढतो. कथेचा कळस सामान्यतः बुद्धाच्या शूर्पारकातील आगमनात पाहिला जातो. परंतु संहितेच्या रचनेत अधिक अर्थपूर्ण आहे तो हा विभागणीचा क्षण. ज्याची एकदा वाटणी झाली, तोच आता काय कोणाचे हे सांगतो. आरंभीच्या वाटणीचे हे प्रत्युत्तर आहे. त्यात सूड नाही आणि विस्मरणही नाही. पुण्णोवादातील क्षमा अमूर्त राहते. अवदानात ती हिशेब माहीत असलेल्या माणसाची क्षमा होते.

या वाचनाचा धागा आधुनिक मराठीपर्यंत येतो. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचे शीर्षकच गावगाड्यातील वाट्याचे नाव आहे. तेथेही जन्मनावाचा दगडू आणि प्रौढ दया पवार समोरासमोर येतात. गावाने जो वाटा दिला, त्याच्याशी गावापासून दूर गेलेल्या माणसाचे नाते काय, हा प्रश्न त्या रचनेत अनुस्यूत आहे. पूर्णाप्रमाणे चंदन वेगळे काढण्याची सोय त्या निवेदकाला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे : अवदानाला प्रव्रज्येचा आधार आहे, आत्मकथनाला केवळ कथनाचा.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचे ‘बुरुड राजाचे कोट’ उकलले, तेव्हा आत दगडी पेटी, तिच्यात करंडक आणि भिक्षापात्राचे मानलेले तुकडे मिळाले. त्याच वर्षी तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. राजांच्या शिकारीच्या विहारयात्रांची जागा धर्मयात्रेने घेतली, हा त्या लेखाचा विषय. प्रवास तोच, हेतू बदललेला.

जन्मस्थळाच्या प्रवासालाही हा भेद लागू पडतो. कुटुंबाला घेऊन आलेला माणूस जुने घर दाखवतो, तेव्हा ती बहुधा विहारयात्राच असते. त्या घरात आपल्याला कोणता वाटा मिळाला होता आणि आपल्या वाट्याला कोणाला दिले होते, हेही तो मुलांना सांगू लागतो, तेव्हाच परतण्याच्या लेखनाला स्मरणरंजनापलीकडचे प्रयोजन लाभते.